चाऱ्याचा पट्टा पेरला, पण हरणे दिवसाउजेडी फिरकत नाहीत

पाणंद (पेनसिल्व्हेनिया)

नमस्कार मंडळी,

पेनसिल्व्हेनियाच्या उत्तरेकडील डोंगराळ भागात आम्ही दोन कुटुंबांनी मिळून चाळीस एकर जंगल विकत घेतले आहे. त्यात प्रामुख्याने लाल ओक, मेपल आणि काळी चेरी ही झाडे आहेत. आधीच्या मालकाने लाकूडतोड करून घेतली, तेव्हा ओंडके रचून ट्रकमध्ये भरण्यासाठी खडीच्या रस्त्यालगत सुमारे पाऊण एकर जागा मोकळी केली होती. इकडे ज्याला सगळे ‘फूड प्लॉट’ म्हणतात, तसा हरणांसाठी चाऱ्याचा पट्टा आम्ही त्या जागेवर केला. आमच्यापैकी कोणीही शिकार करत नाही. शेजारच्या गृहस्थांना हंगामात आमच्या हद्दीत शिकारीची परवानगी दिली आहे, इतकेच. केबिनच्या ओसरीत बसून संध्याकाळी पांढऱ्या शेपटीची हरणे चरताना दिसावीत, एवढीच आमची अपेक्षा आहे.

ऑगस्टच्या सुरुवातीला जमीन वरवर उकरून पांढरा क्लोव्हर (एक द्विदल चारापीक), टर्निप (सलगम) आणि रेप (मोहरीकुळातील चारापीक) यांचे तयार मिश्रण फोकून पेरले आणि 19-19-19 (नत्र, स्फुरद, पालाश सम प्रमाणात) खत टाकले. उगवण बरी झाली, परंतु क्लोव्हर पिवळसर राहिला आणि टर्निपचे गड्डे भरलेच नाहीत. ट्रेल कॅमेऱ्यात (हालचाल झाली की आपोआप छायाचित्र घेणारा कॅमेरा) माद्या आणि पाडसे दिसतात, पण मध्यरात्रीनंतर. ऑक्टोबरमध्ये तर तीही जवळजवळ दिसेनाशी झाली आणि टर्निपच्या पाल्याला बर्फ पडेपर्यंत कोणी तोंड लावले नाही. परिचयातील एकाने मक्याचा फीडर (ठरलेल्या वेळी मका सांडणारे पिंप) टांगण्याचा आणि खनिज मिठाची वीट ठेवण्याचा सल्ला दिला आहे. बियाणे बदलावे, जागा बदलावी की हा सल्ला मानावा, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

कुळव-पाभर (विस्कॉन्सिन)

आपण खताचा आकडा दिलात, पण मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचा आकडा) दिला नाहीत, आणि माझ्या मते अर्धे उत्तर तिथेच आहे. ओकच्या जंगलातील माती बहुधा आम्लधर्मी असते, आणि ओंडके रचण्याच्या जागेवरील वरची काळी माती यंत्रांनी सरकवलेली, उरलेली चाकांखाली दबलेली असते. क्लोव्हरला सामू 6 ते 7 लागतो. तो साडेपाचाच्या खाली असेल तर टाकलेल्या खतातील बराच भाग, विशेषतः स्फुरद (फॉस्फरस), पिकाच्या हाती लागत नाही. त्यामुळे दुसरे कोणतेही बियाणे विकत घेण्याआधी माती परीक्षण करून घ्यावे. आपल्याकडे पेन स्टेट विद्यापीठाची प्रयोगशाळा हे काम अल्प शुल्कात करते. नमुना घेताना पट्ट्यातील निरनिराळ्या ठिकाणची वरच्या सहा इंचांची माती एकत्र करून त्यातून द्यावा, एकाच खड्ड्यातून घेऊ नये.

पिवळेपणाचे दुसरे कारणही तपासण्यासारखे आहे. क्लोव्हरचे एक रोप फावड्याने मातीसकट उचला, बादलीभर पाण्यात मुळे हलकेच धुवा आणि मुळांवरील गाठी पाहा. गाठ नखाने फोडल्यावर आत गुलाबी रंग दिसला तर नत्र बांधण्याचे काम सुरू आहे. गाठीच नसतील, किंवा आतून पांढऱ्या-हिरवट असतील, तर ते काम बंद आहे. ज्या जमिनीत क्लोव्हर कधी झालाच नाही, तिथे बियाण्याला रायझोबियम या नत्र बांधणाऱ्या जिवाणूचे योग्य संवर्धक चोळणे आवश्यक असते. आपल्याकडे सोयाबीनला चोळतात तेच क्लोव्हरला चालत नाही, कारण प्रत्येक गटाचा जिवाणू वेगळा असतो. आम्ल मातीत हे जिवाणूही तग धरत नाहीत, म्हणून गाडी पुन्हा सामूवर, म्हणजे तो वाढवणाऱ्या चुन्यावरच येते.

तयार मिश्रणाच्या पिशवीवर मोठ्या शिंगांच्या नराचे चित्र छापलेले असते आणि किंमत त्या चित्राची असते. वाचायची असते ती शिवणीला लावलेली लहान चिठ्ठी. प्रत्येक जातीचे प्रमाण, उगवणशक्तीची टक्केवारी आणि निष्क्रिय घटकांचे प्रमाण तिच्यावर छापणे कायद्याने बंधनकारक आहे. लेप दिलेल्या क्लोव्हरमध्ये एकतृतीयांश वजन नुसत्या लेपाचे असणे नवलाचे नाही, म्हणजे आठ पौंड घेतल्यावर बियाणे पाच-सव्वापाच पौंडच पदरात पडते. स्थानिक कृषी दुकानातून सुटे बियाणे घेऊन स्वतः मिसळणे केव्हाही स्वस्त पडते.

आता पिकांविषयी. चुना मातीत मिसळल्यानंतर त्याचा पूर्ण परिणाम दिसायला सहा महिने ते वर्ष लागते, तेव्हा येत्या हंगामात क्लोव्हरचा हट्ट धरू नये. जूनमध्ये कुट्टू पेरावा. उपवासाला ज्याचे पीठ वापरतात तोच हा कुट्टू हलक्या आणि आम्ल जमिनीतही येतो, महिन्याभरात फुलावर येऊन तण दाबतो आणि हरणे तो खातात. ऑगस्टच्या अखेरीस तो आडवा करून ओट आणि हिवाळी राय (गव्हासारखे एक तृणधान्य, मोहरीची राई नव्हे) पेरावी. ओट पहिल्या कडक थंडीत मरतो. राय मात्र बर्फाखाली तग धरते आणि वसंतात जंगलात काहीही हिरवे नसताना पहिला कोवळा चारा देते. दुकानात राय मागितल्यावर रायग्रास हाती पडणार नाही याची काळजी घ्यावी, कारण ते गवत एकदा शिरले की निघता निघत नाही. त्याच रायमध्ये फेब्रुवारीअखेर ते मार्च या काळात, जमीन रात्री गोठते आणि दिवसा सुटते तेव्हा, क्लोव्हर नुसता वरून फोकावा. भेगांमध्ये पडलेले बी आपोआप पाव इंच खोलीवर जाते, आणि क्लोव्हरला त्याहून खोल पेरायचेही नसते.

टर्निप न खाल्ल्याचे मनाला लावून घेऊ नये. ज्या परिसरात मोहरीकुळातील पिके कधी नव्हती, तिथे हरणे पहिली एक-दोन वर्षे त्यांच्याकडे पाहतही नाहीत, असा अनुभव पुष्कळांना येतो. कडाक्याच्या थंडीनंतर पानांतील गोडी वाढली की मग ती खाल्ली जातात.

एक काम मात्र उद्याच करावे. तारेच्या जाळीचा तीन-चार फूट व्यासाचा पिंजरा करून पट्ट्यात कुठेही खुंट्यांनी ठोकून ठेवावा. आतील आणि बाहेरील उंचीत फरक पडत नसेल तर चारा खाल्ला जात नाही. आत गुडघाभर आणि बाहेर बोटभर असेल तर चारा उत्तम आहे, फक्त आपण झोपलेले असताना संपतो आहे. खाणारा कोण तेही पाहावे. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, त्यामुळे देठ ओढून तोडल्यासारखा, चिंध्या निघालेला दिसतो. सशाने खाल्लेला देठ मात्र चाकूने तिरका कापल्यासारखा स्वच्छ असतो.

सागवान (चंद्रपूर)

वनखात्यात नोकरी करून निवृत्त झालो आहे. अमेरिकेतील हरणांचा मला अनुभव नाही, परंतु चितळांसाठी कुरणे तयार करण्याच्या कामात होतो, म्हणून दोन गोष्टी सुचवतो.

ताडोबात नवेगाव आणि जामणी, मेळघाटात बोरी, कोहा आणि कुंड ही गावे जंगलाबाहेर वसवल्यानंतर त्यांची शेते मोकळी झाली आणि तिथे कुरणे उभी राहिली. लोकांना वाटते, गवत पेरले आणि चितळे आली. प्रत्यक्षात पेरण्यापेक्षा उपटण्याचे काम कितीतरी मोठे असते. रानतुळस आणि तरोटा बी धरण्याआधी, म्हणजे पावसाळ्याच्या उत्तरार्धात, मुळासकट काढला नाही तर पुढच्या वर्षी मारवेल आणि पवन्याला जागाच उरत नाही. हे एका वर्षाचे काम नसते. आपल्या पट्ट्याला लागून कोणते तण आहे आणि त्याखाली कोणते स्थानिक झाड-झुडूप दबले आहे, हे पाहिले तर कदाचित निम्मा चारा फुकट मिळेल.

दुसरे असे की, ऑक्टोबरमध्ये हरणे नाहीशी झाली याचे मला आश्चर्य वाटत नाही. आमच्याकडे मोहाची फुले गळू लागली की चितळे कुरण सोडून झाडाखाली असतात, आणि बेहडा-आवळ्याच्या वेळीही तेच. वानर वरून पाला पाडतात तो वेचायला ती त्यांच्या मागे हिंडतात. तिकडे ओकची फळे ऑक्टोबरच्याच सुमारास गळत असणार. जंगल पंगत वाढत असताना आपला पट्टा ओस पडणारच, आणि पट्ट्याची खरी गरज पंगत उठल्यावर असते.

ताडोबात दुपारीही कुरणावर चितळांचा कळप दिसतो, तसे दृश्य मनात ठेवून बसला असाल तर मात्र निराशा होईल. चितळ हा मोठ्या कळपाने उघड्यावर चरणारा प्राणी आहे, कारण अनेक डोळे एकाच वेळी पहारा देतात. आपण वर्णन केलेले जनावर मला सांबराच्या स्वभावाचे, म्हणजे झाडीत राहून संधिप्रकाशात बाहेर पडणारे वाटते.

शेवटचा थांबा (मिशिगन)

सागवान यांच्याशी पूर्ण सहमत. ओकविषयी थोडी भर घालतो. पांढऱ्या ओकची फळे एका हंगामात पिकतात आणि त्यांत टॅनिन हा तुरट घटक कमी असतो, म्हणून ती आधी संपतात. लाल ओकच्या फळांना दोन हंगाम लागतात. दोन्हींचे उत्पादन दरवर्षी सारखे नसते. ज्या वर्षी बहर दांडगा, त्या वर्षी सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर या काळात जगातील सर्वोत्तम क्लोव्हरही रिकामा राहू शकतो. त्यामुळे आपल्या ओकांना यंदा किती फळ आहे हे ऑगस्टमध्ये दुर्बिणीने फांद्या न्याहाळून पाहून ठेवावे. म्हणजे कॅमेरा रिकामा निघाल्यावर बियाणे विकणाऱ्याला दोष देण्याची वेळ येणार नाही.

मी धनुष्यबाणाने शिकार करतो. काही वाचकांना ते रुचणार नाही याची कल्पना आहे. पण त्यामुळे हरीण उजेडात कधी बाहेर येते याचा विचार मला दरवर्षी करावा लागतो, आणि आपला मूळ प्रश्न तोच आहे. कुळव-पाभर यांनी माती उत्तम समजावली आहे, तरीही मी जागेला मातीच्या आधी ठेवतो. आपला पट्टा रस्त्याला लागून, केबिनसमोर आणि बहुधा चौकोनी आहे. पांढऱ्या शेपटीचे हरीण दिवसभर दाट झुडपात रवंथ करत बसते, सूर्यास्ताच्या सुमारास उठते आणि झाडीच्या आडोशाने खाण्याच्या दिशेने सरकते. वाटेत गाडीचा आवाज आला, ओसरीवरचा दिवा लागला किंवा माणसाचा वास वाऱ्यावर आला, की ते काठाशी थबकून अंधार पडायची वाट पाहते. म्हणजे आपल्याकडे हरणे येत नाहीत असे नव्हे. ती उशिरा येतात, कारण तिथे लवकर येणे त्यांना सुरक्षित वाटत नाही.

उपाय दोन आहेत. पहिला म्हणजे रस्ता आणि पट्टा यांच्यामध्ये आडोसा उभा करणे. त्यासाठी इकडे स्विचग्रास लावतात, ते माणसाच्या उंचीचे होते आणि बर्फातही बरेचसे उभे राहते, पण त्याला धरायला दोन-तीन वर्षे लागतात. तोवर दरवर्षी उंच ज्वारीचा दाट पट्टा पेरून भागवता येते. दुसरा उपाय मला अधिक पसंत आहे. रस्त्यापासून दूर, झुडपाच्या दाटीजवळ, पाव एकराचा लांबट आणि वाकडातिकडा दुसरा पट्टा करावा. इंग्रजी एल अक्षरासारखा आकार दिला तर एका टोकावरचे हरीण दुसऱ्या टोकाला दिसत नाही आणि दोघेही निवांत चरतात. मोठ्या पट्ट्याकडे जाण्याआधी अशा ठिकाणी ती उजेड असतानाच घटकाभर रेंगाळतात.

पट्ट्याच्या काठची निरुपयोगी लाल मेपलची झाडे हिवाळ्यात गुडघ्याच्या उंचीवर तोडावीत. वसंतात खोडाला फुटणारे कोंब हरणे क्लोव्हरच्याही आधी खातात. शिवाय वरून ऊन मिळाल्यामुळे ब्लॅकबेरीची झुडपे आपणहून येतात. हे प्राणी मुळात पाला आणि कोवळे शेंडे वेचून खाणारे आहेत. पोट लहान असल्यामुळे त्यांना गाईसारखे जून गवत पचवता येत नाही, हे लक्षात घेतले तर केवळ पेरलेल्या पट्ट्यावर सगळा भार का टाकू नये ते उमगेल.

आणि कॅमेऱ्याचे कार्ड आणायला दर शनिवारी पट्ट्याच्या मधोमध चालत जाणे बंद करावे. तेवढ्याने माद्या वेळ बदलतात.

कोरडवाहू (टेक्सास)

फीडरचा सल्ला देणारे आपले परिचित बहुधा आमच्या बाजूचे असावेत. टेक्सासमध्ये खासगी जमिनीवर मक्याचे फीडर सर्रास असतात. तिपाईवरच्या पिंपाखालची चकती ठरलेल्या वेळी फिरून मका उडवते आणि त्या आवाजावर हरणे धावत येतात. उजेडात दर्शन हवे असेल तर याहून खात्रीचा मार्ग नाही, हे मान्य करावे लागेल. फक्त त्याला पट्टा म्हणू नये.

सागवान यांना गंमत वाटेल, पण आमच्या हिल कंट्रीत (मध्य टेक्सासच्या डोंगराळ भागात) फीडरवर सर्वांत आधी पोहोचते ते चितळ. 1932 साली इथे आणून सोडलेली ही जात आता मोकळ्या रानात पसरली आहे. इकडे तिला ‘अॅक्सिस’ म्हणतात. गवत संपले की चितळ पाल्याकडे वळते, परंतु पांढऱ्या शेपटीच्या हरणाला उलट दिशेने, पाल्याकडून जून गवताकडे, वळता येत नाही, त्यामुळे दुष्काळात स्थानिक जातीचीच उपासमार होते. पेनसिल्व्हेनियात हा प्रश्न नाही, म्हणून आमचा अनुभव जसाच्या तसा तिकडे नेऊ नये.

ओसरी (न्यू जर्सी)

मूळ लेखक मका आणि मिठाच्या विटेकडे वळण्याआधी, एक पशुवैद्य म्हणून थोडे स्पष्ट लिहिणे भाग आहे.

क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरणांच्या मेंदूचा असाध्य रोग आहे. तो 1967 साली कोलोरॅडोत प्रथम लक्षात आला, 2002 मध्ये विस्कॉन्सिनमध्ये आणि 2012 मध्ये पेनसिल्व्हेनियात आढळला. त्याचे कारण विषाणू नसून प्रायॉन नावाचे विकृत प्रथिन आहे. ते लाळ, मूत्र आणि विष्ठेतून बाहेर पडते आणि मातीत वर्षानुवर्षे टिकते. फीडरखालच्या एकाच हातभर जागेत परिसरातील सगळी हरणे नाके खुपसतात, मिठाच्या विटेखालची माती तर चाटून खड्डा पाडतात. पाऊण एकरात विखुरलेल्या चाऱ्यावर असा दाट संपर्क होत नाही. म्हणूनच बहुतेक राज्यांचे कायदे उगवलेले पीक आणि आणून टाकलेला चारा यांत भेद करतात. पेनसिल्व्हेनिया गेम कमिशनने आखलेल्या रोगनियंत्रण क्षेत्रांत हरणांना चारा घालण्यास मनाई आहे. या क्षेत्रांच्या सीमा वाढत असतात, तेव्हा आपली जमीन आत आहे की बाहेर हे चालू नकाशावर पाहावे. शिवाय आपल्या हद्दीत शेजारी शिकार करतात. आपण टांगलेल्या फीडरमुळे आमिष लावून शिकार केल्याचा ठपका त्यांच्यावर येऊ शकतो.

रोग बाजूला ठेवला तरी भर हिवाळ्यात अचानक मका घालणे घातक आहे. त्या काळात कोठीपोटातील सूक्ष्मजीव काड्या आणि साली पचवण्यासाठी जुळलेले असतात. एकदम पिष्टमय धान्य पडले की आम्ल वाढते आणि भरल्या पोटी हरीण दगावते. अशा मृत हरणाच्या पोटात मका पाहून लोक म्हणतात की उपासमार नव्हती, मग मेले कसे.

जाता जाता, पट्ट्याच्या काठच्या उंच गवतातून आल्यावर मुलांचे गुडघ्यामागचे भाग, काखा आणि केसांची मुळे तपासावीत. लाइम रोगाचा जिवाणू गोचिडीला मुख्यतः उंदरांकडून मिळतो, परंतु प्रौढ गोचिडी पोसल्या जातात त्या हरणांवरच, आणि आपण हरणांना अंगणात बोलावत आहोत.

पाणंद (पेनसिल्व्हेनिया)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मका आणि वीट यांचा विचार सोडून दिला आहे. माती परीक्षणाचा अहवाल आला: सामू 5.2, स्फुरद कमी, आणि एकरी तीन टन चुना सुचवला आहे. मुळांवर गाठी जवळजवळ नाहीत. पिंजरा बसवला, आणि राहिलेल्या क्लोव्हरमध्येही आत-बाहेर फरक स्पष्ट दिसतो, देठ चिंध्या निघाल्यासारखे आहेत. म्हणजे खाणारी हरणेच आहेत आणि रात्री येत आहेत.

शेवटचा थांबा यांनी सुचवल्याप्रमाणे ब्लॅकबेरीच्या दाटीजवळ ओंडके ओढण्याच्या जुन्या वाटेचा एक वाकडा तुकडा सापडला आहे. तो सुमारे पाव एकर भरेल. अडचण अशी की चुना पसरणारा ट्रक तिथवर जाऊ शकत नाही. रस्त्यालगतच्या पट्ट्याला मात्र तो सहज पोहोचतो. मग आतल्या तुकड्याला चुना द्यायचा कसा?

कुळव-पाभर (विस्कॉन्सिन)

रस्त्यालगतच्या पट्ट्याला ट्रकनेच सुटा चुना द्यावा, तो सर्वांत स्वस्त पडतो. पाऊण एकराला सव्वादोन टन लागेल, पण एवढ्या लहान खेपेसाठी ट्रक येत नसेल तर शेजाऱ्यांना विचारून एकत्र मागवावा.

आतल्या पाव एकराला तीन टनांच्या हिशेबाने पाऊण टन, म्हणजे दीड हजार पौंड लागेल. दाणेदार चुन्याच्या चाळीस पौंडी पिशव्या मिळतात, त्या अडतीस घ्याव्यात. निम्म्या आत्ता आणि निम्म्या पुढच्या शरद ऋतूत टाकल्या तरी चालेल. ढकलगाडीच्या स्प्रेडरने एकदा उभे आणि एकदा आडवे फिरावे, म्हणजे पट्टे राहत नाहीत. वाटेवरची माती दबलेली असणार, तेव्हा चुना टाकल्यावर तो नुसता वर न ठेवता जमेल तितका खोल मिसळावा, कारण वर पडून राहिलेला चुना फार सावकाश खाली उतरतो. पहिल्या वर्षी तिथे फक्त राय पेरावी, एकट्या रायला एकरी शंभर पौंडांच्या मानाने पंचवीस पौंड पुरेल. इतक्या कमी सामूलाही ती उगवेल.

शेवटचा थांबा (मिशिगन)

पिशव्या वाहून नेण्याचे काम मार्चमध्येच उरकावे आणि मेपल तोडायचे तेही त्याच फेरीत. मे अखेरीस माद्या वितात, तेव्हा त्या दाटीजवळ वर्दळ नको. कॅमेरा तुकड्याच्या आत न लावता वाट जिथे मोठ्या पट्ट्याला मिळते त्या तोंडावर, छातीच्या वर आणि खाली झुकवून लावावा. कार्ड काढायला मग आत शिरावे लागत नाही. आणि ओसरीतून पाहायचेच असेल तर केबिनच्या बाजूचा दिवा संध्याकाळी बंद ठेवावा.